इमेज एडिटिंग शिकायचंय? सॉफ्टवेअर शोधत बसू नका, एक पोस्टर पूर्ण करा

हौस म्हणून ग्राफिक डिझाइन करायचं ठरवलं की पहिला प्रश्न ठरलेला, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? मग नुसते तुलनेचे व्हिडिओ बघत दिवस जातात आणि एक चित्र काही पूर्ण होत नाही. खरं सांगायचं तर हा प्रश्न एवढा मोठा नाहीच. ज्यात लेयर आहेत (एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा), लेयर मास्क आहे (लेयरचा काही भाग न पुसता लपवणारा पडदा) आणि टाकलेला मजकूर नंतर बदलता येतो असं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल, कारण या तीन गोष्टी सगळीकडे जवळपास सारख्याच चालतात आणि एकदा हातात बसल्या की पुढे सॉफ्टवेअर बदललं तरी फक्त कुठलं बटण कुठे आहे एवढंच शोधावं लागतं.

तरी नावं सांगतो, म्हणजे तिथे अडायला नको. गिंप फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं. १९९५ मध्ये स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं आणि अजून त्यावर काम चालूच आहे, २०२५ मध्ये ३.० आलं. घेणार असाल तर ३.० किंवा त्याच्या पुढचंच घ्या, कारण त्यात फिल्टर लावल्यावर त्याची सेटिंग नंतरही बदलता येते, आधीच्यात फिल्टर लावला की तो थेट चित्रात मुरायचा. फोटोपी ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल काही करायचं नाही, फोटोशॉपच्या पीएसडी फाइल उघडतं आणि मांडणी पण बरीचशी फोटोशॉपसारखीच, त्यामुळे फोटोशॉपचे ट्युटोरियल बघून त्यात काम करता येतं, आणि हा फायदा मोठा आहे. क्रिटा मुळात चित्र काढणाऱ्यांसाठी, पेन टॅब्लेट असेल तर त्याच्यासारखी मजा नाही. फोटोशॉप अर्थातच आहे, पण ते सबस्क्रिप्शनवर आणि हौसेसाठी पहिल्याच दिवशी तो खर्च करायची गरज नाही. कॅनव्हासारख्या ठिकाणी तयार टेम्प्लेट भरून काम पटकन होतं, त्यात वाईट काही नाही, फक्त टेम्प्लेट भरता येणं आणि आपलं चित्र आपण जुळवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथे आपण दुसरीबद्दल बोलतोय.

अजून एक, लोगो बनवायचा असेल तर यातलं काही घेऊ नका, इंकस्केप घ्या. गिंप, फोटोपी, क्रिटा, फोटोशॉप ही सगळी प्रामुख्याने पिक्सेलवर चालतात, म्हणजे चित्र बारीक चौकोनांचं बनलेलं असतं आणि ते मोठं केलं की कडा फाटतात. इंकस्केप व्हेक्टरवर चालतं, तिथे रेघ म्हणजे गणितातली रेघ, कितीही मोठी करा, स्वच्छच राहते. फोटो असेल तर पिक्सेल, लोगो किंवा आयकॉन असेल तर व्हेक्टर, सध्या एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. या सगळ्या प्रकारात एकच नियम असा आहे की जो पहिल्या दिवसापासून पाळायचा, तो म्हणजे मूळ पिक्सेल मोडायचे नाहीत. काहीही करा पण अशा पद्धतीने करा की उद्या मन बदललं तर मागे जाता आलं पाहिजे. कंट्रोल झेड आहे ना, असं वाटेल, पण फाइल बंद केली की अन्डूची यादी गेली. लेयर, मास्क, अॅडजस्टमेंट लेयर (रंग-उजेडातला बदल वेगळा ठेवणारा लेयर), स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ फोटो आत जपून ठेवणारा लेयर) ही सगळी नावं वेगवेगळी वाटतात पण सगळ्यांचा हेतू हाच एक. फोटोशॉपमध्ये सुद्धा लेयर १९९४ च्या ३.० मध्ये आले, त्याच्या आधी एकावर एक चिकटवलेलं एकजीव व्हायचं. आज ती सोय फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे तर ती वापरायची.

हे वाचून कळणार नाही, करून कळेल, म्हणून एक पोस्टर करू. साधं, एक वस्तू, मागे सपाट रंग, खाली सावली आणि वर एक ओळ. वस्तू अशी घ्या की जिच्या कडा स्पष्ट आहेत, कप, बूट, पुस्तक, कॅमेरा असं काहीही, इथे मी कप धरून सांगतो. मांजर नको, केस नकोत, झाड तर अजिबात नको, ते नंतर. फोटो स्वतः मोबाइलवर काढा, खिडकीजवळ, एका बाजूने उजेड येईल असा, आणि मागे वस्तूपेक्षा वेगळ्या रंगाचं काहीतरी ठेवा, कारण वस्तू आणि मागचं यांच्या रंगात जितका फरक तितकं पुढचं काम सोपं. बरेच जण आधी खराब फोटो घेतात आणि मग एडिटिंगमध्ये घाम गाळतात, त्यापेक्षा फोटो काढताना थोडा विचार केला तर निम्मं काम तिथेच होतं.

नवीन फाइल उघडली की साइज विचारेल. स्क्रीनवरच दाखवायचं असेल तर १०८० बाय १३५० पिक्सेल चालेल. प्रिंट काढायची शक्यता असेल तर ए४, ३०० पीपीआय, म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. शंका असेल तर मोठीच घ्या, मोठ्याची लहान करता येते, लहानाची मोठी केली की चित्र भुरकट होतं. आणि पीपीआय ७२ ठेवायचा का ३०० हा जो गोंधळ असतो ना, त्यात स्क्रीनसाठी काही अर्थ नाही, स्क्रीनला फक्त एकूण पिक्सेल कळतात. पीपीआय म्हणजे कागदावर एका इंचात किती पिक्सेल बसवायचे एवढंच, ३००० पिक्सेल रुंद चित्र ३०० ने छापलं तर १० इंच होणार, १५० ने छापलं तर २० इंच आणि जरा मऊ दिसणार.

फोटो आत आणा, तो आपोआप वेगळ्या लेयरवर येईल किंवा आणायला लागेल. आल्या आल्या त्या लेयरची एक कॉपी करा आणि खालच्या मूळ लेयरचा डोळा (लेयरच्या यादीतली दाखवा-लपवाची खूण) बंद करून ठेवा. फोटोशॉप किंवा फोटोपीत असाल तर लहान मोठं करायच्या आधी लेयरला स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्या, मग मूळ आकाराच्या आत कितीही वेळा लहान मोठा केला तरी फोटो बिघडत नाही. साध्या लेयरचं तसं नसतं, एकदा लहान केला की बाकीचे पिक्सेल फेकून दिलेले असतात आणि परत मोठा केला तर ते परत येत नाहीत, म्हणून ती बंद ठेवलेली कॉपी. लेयरना नावं द्या. कप, सावली, मागचा रंग, मजकूर. चार लेयर असताना हे उगाच वाटतं, वीस झाले की नाव नसलेला लेयर शोधण्यात जीव जातो.

आता कप वेगळा काढायचा. नवीन माणूस इथे मॅजिक वाँड घेतो, क्लिक करतो, डिलीट दाबतो, आणि कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. वाँड वाईट नाही, ते रंग सारखा बघून सिलेक्शन करतं, फक्त रंग किती सारखा धरायचा तो आकडा हाताने कमी जास्त करावा लागतो. मागे एकसारखी भिंत असेल तर वाँडने भिंत सिलेक्ट करून सिलेक्शन उलटं करणं हा सगळ्यात जलद रस्ता. पण स्पष्ट कडेच्या वस्तूला खरं हत्यार म्हणजे पेन टूल, गिंपमध्ये त्याला पाथ म्हणतात, बी दाबलं की येतं, फोटोशॉपमध्ये पी. पहिल्यांदा हातात घेतलं की वैताग येतो हे मान्य, पण एक दोन संध्याकाळी त्याला द्याच. युक्ती एवढीच की पॉइंट कमीत कमी टाकायचे, जिथे वळणाची दिशा बदलते तिथेच, आणि क्लिक करून न सोडता ओढायचं म्हणजे वळण तयार होतं. गोल कपाच्या तोंडाला चार पॉइंट पुरतात. वीस टाकले की कड खडबडीत होणारच. चित्र २०० टक्के झूम करा आणि रेघ कडेच्या बाहेर नको, किंचित आत ठेवा, कारण कडेवरच्या पिक्सेलमध्ये मागच्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो आणि तो बरोबर आला तर नवीन बॅकग्राउंडवर कपाभोवती फिकट किनार दिसते. वाँडने केलं असेल तर सिलेक्शन १ पिक्सेल आकसून घ्या, त्यासाठी सिलेक्ट मेनूत ऑप्शन असतो.

पाथचं सिलेक्शन केलं, आता डिलीट दाबायचं नाही. लेयर मास्क लावायचा. सिलेक्शन चालू असताना मास्क लावला की कप दिसतो आणि बाकीचं झाकलं जातं, गिंपमध्ये मास्क लावताना विचारतं तिथे सिलेक्शन निवडा. झाकलं जातं म्हणजे गेलं नाही, तिथेच आहे. मास्कचा नियम सोपा, पांढरं तिथे दिसणार, काळं तिथे लपणार, राखाडी तिथे अर्धवट. कपाचा कान चुकून कापला गेला? मास्कवर पांढरा ब्रश फिरवा, कान परत. भिंतीचा तुकडा राहिला? काळा फिरवा. एक्स दाबलं की काळा पांढरा अदलाबदल होते, डी दाबलं की रंग परत मूळ काळा पांढरा होतात, हे दोन शॉर्टकट फोटोशॉपमध्ये आणि गिंपमध्ये सारखेच आहेत आणि या कामात बोटं सारखी त्यांच्यावरच असतात.

इथे जवळपास प्रत्येकाचा एक घोटाळा होतो म्हणून नीट सांगतो. लेयरच्या यादीत आता दोन थंबनेल, म्हणजे छोटी चित्रं, दिसतात, एक चित्राचं आणि एक मास्कचं. ज्याच्याभोवती चौकट आहे तिथे तुमचा ब्रश चालतो. मास्क रंगवतोय असं समजून कपावरच काळे पट्टे मारले जातात ते यामुळे. स्क्रीनवर काळा रंग उमटताना दिसला की थांबा, अन्डू करा, मास्कच्या थंबनेलवर क्लिक करा आणि मग पुढे. ऑल्ट धरून मास्कवर क्लिक केलं तर नुसता मास्क दिसतो, काळा पांढरा, तेव्हा राहून गेलेले ठिपके लगेच नजरेत येतात. दुसरी युक्ती म्हणजे कपाच्या खाली एक भडक रंगाचा लेयर तात्पुरता टाकायचा, आधी भडक गुलाबी, मग काळा, मग पांढरा. एका रंगावर न दिसलेली घाण दुसऱ्यावर दिसतेच.

ब्रशची कड किती मऊ ठेवायची हा पण प्रश्न येतो. फोटोत ती कड जितकी धारदार आहे तितकीच. कपाची पुढची कड फोकसमध्ये असते, तिथे कडक ब्रश, मागची जरा धूसर असेल तर तिथे मऊ. सगळीकडे एकसारखी कड ठेवली की कात्रीने कापून चिकटवल्यासारखं दिसतं, आणि ते का खोटं वाटतंय हे बघणाऱ्याला सांगता येत नाही पण वाटतं नक्की.

मागे रंग भरा. रंग निवडायला स्क्रीनवर १ कोटी ६७ लाखांच्या वर आहेत, लाल हिरवा निळा प्रत्येकी ० ते २५५, पण तुम्ही तीनच घ्या. आयड्रॉपर घेऊन कपावरचाच एखादा रंग उचला, तो फिकट करून मागे टाका, त्याचाच गडद प्रकार मजकुराला ठेवा आणि तिसरा एखादाच वेगळा, तो पण थोड्याच जागेत. चित्रातूनच उचललेले रंग एकमेकांशी जुळतात, निदान भांडत तरी नाहीत.

सावलीशिवाय कप हवेत तरंगतो. सॉफ्टवेअरमधला तयार ड्रॉप शॅडो इथे लावू नका, तो कागद भिंतीला चिकटवल्यासारखी सावली देतो, कप मात्र टेबलावर उभा आहे. खऱ्या सावलीचे दोन भाग असतात. एक वस्तू जिथे टेकते तिथे अगदी बारीक आणि गडद पट्टी, दुसरी त्याच्यापुढे पसरत गेलेली मऊ आणि फिकट. म्हणून दोन लेयर करा, दोन्ही कपाच्या खाली, ब्लेंड मोड (लेयर खालच्यात कसा मिसळायचा ती सेटिंग) मल्टिप्लाय. मल्टिप्लायमध्ये पांढरा काहीच करत नाही आणि बाकी रंग खालच्याला फक्त गडद करतात, त्यामुळे खालचा रंग सावलीतही टिकतो, तो मळकट होत नाही. पहिल्यावर छोटा ब्रश, बुडाशी एक रेघ. दुसऱ्यावर मोठा मऊ ब्रश, उजेडाच्या उलट दिशेला, ओपॅसिटी (लेयर किती ठळक दिसायचा ते) ३० टक्क्यांपासून सुरू करून डोळ्यांना पटेल तिथे थांबा. काळा रंग घेऊ नका, मागच्याच रंगाचा खूप गडद प्रकार घ्या. फोटोत उजेड डावीकडून आहे तर सावली उजवीकडेच पडली पाहिजे, हे सांगायला नको असं वाटतं पण उलट केलेली पोस्टर कितीतरी दिसतात.

मग कप जरा उजळ करावासा वाटेल. त्यासाठी ब्राइटनेसपेक्षा कर्व्हज वापरा. तिरकी रेघ दिसते, डावं टोक गडद भागांचं, उजवं उजळ भागांचं. मधे धरून किंचित वर उचलली की मधल्या छटा उजळतात आणि काळं काळंच राहतं. किंचित म्हणजे खरंच किंचित. फोटोशॉप, फोटोपीत हे अॅडजस्टमेंट लेयर म्हणून लावा, गिंप ३ मध्ये फिल्टर लेयरला जोडलेला राहतो, तिथे एफएक्सची खूण येते, परत उघडून बदलता येतो. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी बघा, बहुतेक वेळा आकडे निम्म्यावर आणावेसे वाटतात, आणि आणता येतात, कारण मूळ पिक्सेलला आपण हात लावलेलाच नाही.

मजकुराचं आता जरा सविस्तर, कारण मराठीत लिहिणाऱ्याची खरी अडचण इथे होते आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये याबद्दल अवाक्षर नसतं. जोडाक्षरं तुटून पाय मोडलेली दिसली, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला गेली तर फॉन्टला दोष देऊ नका, आधी सॉफ्टवेअरचं टेक्स्ट इंजिन, म्हणजे अक्षरं जुळवणारा भाग, बघा. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत प्रेफरन्सेसमध्ये टाइप नावाच्या भागात वर्ल्ड-रेडी लेआउट असतं, त्याहून जुन्या आवृत्तीत त्यालाच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन म्हणतात, ते चालू करा आणि मजकूर नवीन लेयरवर परत टाका. गिंपमध्ये असं काही करावं लागत नाही, देवनागरी सरळ नीट येते. फॉन्ट मात्र युनिकोड (मोबाइलवर, वेबवर मराठी ज्या पद्धतीने टाइप होतं ती) असलेलेच घ्या, जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये साधा टाइप केलेला मराठी मजकूर टाकला की अक्षरांचा चुराडा होतो. मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी हे गूगल फॉन्ट्सवर आहेत, मोकळ्या परवान्याचे आहेत, सुरुवातीला एवढेच घेतले तरी भागतं.

देवनागरीला दोन गोष्टी खास लागतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, इंग्रजी पोस्टरमध्ये अक्षरं लांब लांब ठेवली की छान दिसतात, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. आणि ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या, रफार एकमेकांत अडकतात. मजकूर मोठा करायचा तर फॉन्टचा आकडा वाढवा, कोपरा धरून आडवा उभा ताणू नका, अक्षराची जाडी बिघडते. फॉन्ट एकच, फार तर दोन.

मजकूर वाचता येतो का हे तपासायला चित्र झूम आउट करून अंगठ्याएवढं करा. तेव्हाही ओळ कळली तर ठीक. वेबसाठीच्या नियमावलीत साध्या मजकुराला मागच्या रंगाशी ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट मागतात, आकडे टाकून मोजून देणारी साधनं नेटवर सहज मिळतात. घाईत असाल तर सगळ्यात वर रंग काढून टाकणारा एक लेयर टाकून चित्र तात्पुरतं ग्रेस्केल, म्हणजे नुसतं काळं-पांढरं-राखाडी, करून बघा, लाल वर हिरवा मजकूर रंगात उठून दिसतो आणि ग्रेस्केलमध्ये गायब होतो.

सेव्ह करताना दोन फाइल. एक कामाची, गिंपची एक्ससीएफ, फोटोशॉपची पीएसडी, क्रिटाची केआरए, ज्यात सगळे लेयर जिवंत राहतात, आणि दुसरी दाखवायची, ती एक्सपोर्ट करायची. गिंपमध्ये सेव्ह आणि एक्सपोर्ट हे दोन वेगळे मेनू आहेत ते याचसाठी. अक्षरं आणि सपाट रंग असलेल्या पोस्टरला पीएनजी, नुसत्या फोटोला जेपीजी. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून त्यातली माहिती कमी करतं, त्यामुळे अक्षरांच्या कडेला मुंग्या आल्यासारखं दिसतं, आणि तीच जेपीजी उघडून बदलून परत जेपीजी केली की दरवेळी थोडं आणखी बिघडतं. बदल करायचा तर कामाच्या फाइलमध्ये करा आणि नवीन एक्सपोर्ट काढा. पारदर्शक मागचा भाग हवा असेल तरी पीएनजीच, जेपीजीत पारदर्शकता नसते. छापायचं असेल तर चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्तीचा रंग सोडा, म्हणजे कापताना पांढरी किनार राहत नाही, आणि स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा निळा कागदावर तसाच येणार नाही हे धरून चाला, छपाईच्या चार शाईंमध्ये तो रंग बसतच नाही. छापणाऱ्याला कुठली फाइल हवी ते आधीच विचारा.

दुसऱ्याचे फोटो वापरायचे असतील तर सर्चमध्ये दिसला म्हणून उचलू नका, सर्चमध्ये दिसणं म्हणजे परवानगी नाही. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो, सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, सीसी झिरो असेल तर मोकळा, सीसी बाय असेल तर काढणाऱ्याचं नाव द्यावंच लागतं, आणि ते आनंदाने द्या, कुणीतरी मेहनत करून तो फोटो सगळ्यांसाठी ठेवलाय.

कपाचं पोस्टर झालं की लगेच नवीन टूल शोधायला जाऊ नका, हीच फाइल उघडा, कपाच्या जागी बूट आणा, रंग बदला, ओळ बदला. दुसऱ्या वेळेला निम्म्याहून कमी वेळ लागेल. तिसऱ्याला काचेचा रिकामा ग्लास घ्या. त्याच्यातून मागचं दिसतं, त्यामुळे मास्कवर नुसतं काळं पांढरं चालणार नाही, मधल्या भागाला राखाडी लागेल, आणि काचेवरची चमक वेगळ्या लेयरवर काढून त्याचा मोड स्क्रीन करावा लागेल, म्हणजे काळं नाहीसं होऊन फक्त उजेड राहतो. केस आणि मांजर त्याच्यानंतर घ्या.